शेजारच्या गिरणीचा पगार

१८९७ च्या सुरुवातीला मुंबईच्या नाक्यानाक्यांवर गिरणी कामगारांचा लिलाव चालला होता. विकणारा कुणी नव्हता. कामगार स्वतःच उभे राहत आणि निरनिराळ्या गिरण्यांची माणसं त्यांच्यावर बोली लावत. आदल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडलं. कुणी बोटीने कोकणात गेलं, कुणी आगगाडीने घाटावर. ज्या गिरण्यांच्या फाटकाशी रोज पहाटे बिनकामाची माणसं ताटकळत उभी राहायची, त्यांना साचे चालवायला हात मिळेनात. मग मुंबईत पूर्वी कधी न घडलेली गोष्ट घडली. कामगार म्हणाले, संध्याकाळी रोख मजुरी द्या, तरच येतो. मालकांनी दिली. शेजारची गिरणी दोन आणे जास्त देते असं कळलं की माणूस दुसऱ्या दिवशी तिकडे जायचा.

मालकांना हे अर्थातच रुचलं नाही. त्यांचा संघ १८७५ पासून अस्तित्वात होता. एकमेकांचे कामगार पळवू नयेत आणि रोजच्या रोज मजुरी देण्याची प्रथा मोडावी, यासाठी संघात खटपट सुरू झाली. पण ठरावांपेक्षा प्लेगच्या ओसरण्यानेच ते काम केलं. माणसं परतली, फाटकाशी पुन्हा गर्दी झाली आणि महिन्याचा पगार महिना उलटून गेल्यावर देण्याची जुनी पद्धत निमूटपणे परत आली.

या काही आठवड्यांकडे मी मुद्दाम बोट दाखवतो आहे. मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते, दोन मालकांच्या चढाओढीत एका कामाचा एकच दर पक्का होतो, असं अर्थशास्त्राचं प्राथमिक पुस्तक सांगतं. मुंबईच्या गिरणधंद्यात त्या पुस्तकासारखं दृश्य दिसलं ते फक्त मरीच्या साथीत. एरवी शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या, बहुतेक एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर, सगळ्या तेच सूत काततात आणि तेच कापड विणतात. आणि तरीही भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन गिरण्यांत त्याच कामाला वेगळा पगार मिळायचा. तोही एखादं वर्ष नाही, पिढ्यान् पिढ्या.

असं का होत होतं, ते समजायचं तर फाटकापासून सुरुवात करावी लागते.

कावसजी दावरांची पहिली गिरणी १८५४ मध्ये काढली गेली आणि ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून माणूस नेमण्याचं काम साहेबाचं नव्हतं, जॉबरचं होतं. खात्यातला हा मुकादम माणसं आणायचा, त्यांना काम शिकवायचा, कामाला जुंपायचा आणि मनात आलं की काढून टाकायचा. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे असे. नोकरी लागताना जॉबरचा हात ओला करावा लागे, त्याला दस्तुरी म्हणत. पुढे ती महिन्याच्या महिन्यालाही चालू राही. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेला माणूस गावच्या मंडळाच्या गाळ्यात पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा, वाण्याकडे उधारीवर जिन्नस घ्यायचा. अडल्यावेळी जॉबरचाच शब्द वाण्याकडे आणि सावकाराकडे उपयोगी पडायचा. तरी जॉबर सर्वशक्तिमान होता असं कुणी समजू नये. सकाळी भोंगा वाजल्यावर खात्यात पुरेशी माणसं उभी करता आली नाहीत तर त्याचीच खुर्ची डळमळायची, आणि माणसं टिकवायची तर त्यांच्याशी बरं वागावंच लागे. पण कामगार आणि बाजारभाव यांच्यामध्ये उभा होता तो जॉबरच.

दुसरी कडी पगाराच्या तारखेची. महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी पगार हाती पडायचा. म्हणजे कोणत्याही दिवशी गिरणीकडे कामगाराची काही आठवड्यांची कमाई अडकलेली असायची. न सांगता सोडून गेलात तर ती बुडाली. एक खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची चाल काही गिरण्यांत होती. कापडात दोष निघाला तर तो माल विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करत. हे कापड विणकर मग रस्त्यावर मिळेल त्या भावाला विकायचा.

आणि तिसरी गोष्ट, दराची मोजदाद. विणकराला नगावर पैसे मिळत, पण ते पौंडावर, वारावर की ताक्यावर, हे गिरणीगणिक बदलायचं. ज्या लँकेशायरहून मुंबईचे कित्येक विणाई मास्तर आले होते, तिथे १८९२ मध्येच सगळ्या विणकरांसाठी एकच दरपत्रक लागू झालं होतं. ते मास्तर मुंबईत येताना यंत्रं घेऊन आले; दरपत्रक मात्र इथल्या मालकांनी मागवलं नाही.

पहिल्या महायुद्धापर्यंत या गोंधळाकडे कुणी आकड्यांच्या नजरेने पाहिलं नव्हतं. युद्धात गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि भावही भडकले. १९१९ च्या जानेवारीत लाखावर कामगार संपावर गेले, पुढच्या जानेवारीत पुन्हा गेले. मालकांनी मूळ दराला हात न लावता त्यावर महागाईची वाढ दिली. ती टप्प्याटप्प्याने चढत रोजंदारीवाल्यांना सत्तर टक्क्यांपर्यंत आणि नगावर काम करणाऱ्यांना ऐंशीपर्यंत गेली. सरकार धास्तावलं. संप कशासाठी होतो हे कळायला आधी पगार किती आणि खर्च किती हे कळायला हवं, एवढी साधी गोष्ट संपांनी सरकारच्या ध्यानात आणून दिली. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडलं. त्याचे संचालक होते जी. फिंडले शिरास, आणि ‘लेबर गॅझेट’ हे मासिक त्याच वर्षापासून निघू लागलं.

हिंदुस्थानात मजुरीचा पद्धतशीर अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो या कचेरीत. शिरास यांच्या माणसांनी गिरण्यांची हजेरीपटं आणि पगारपत्रकं गोळा करून १९२१ मधल्या पगारांचा आणि कामाच्या तासांचा अहवाल काढला. त्यात गिरणीगणिक दरांतलं अंतर प्रथमच छापील तक्त्यांत उतरलं, आणि बायकांची कमाई पुरुषांच्या साधारण निम्मी असल्याचंही. पण गाजला तो १९२३ चा दुसरा अहवाल, कामगारांच्या घरखर्चाचा. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च तपासले होते. कुटुंबाची मासिक मिळकत सरासरी सुमारे ५२ रुपये, त्यातला निम्म्याहून जास्त खर्च खाण्यावर, जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात. आणि व्याजाचा सर्रास चालणारा दर महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. या सगळ्यांत एक वाक्य होतं, ज्याने सरकारचीच पंचाईत झाली. मुंबईचा कामगार धान्य खातो ते दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवलेल्या कमाल मापाइतकं, पण मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्याला जेवढं द्यायला सांगितलं आहे त्याहून कमी. ही तुलना कुणा चळवळ्याने केली असती तर हसण्यावारी नेता आली असती. इथे ती सरकारी संचालकाने सरकारी छापखान्यातून छापली होती. पुढची कित्येक वर्षं कामगार पुढाऱ्यांच्या भाषणांत ती येत राहिली.

लेबर ऑफिसचं दुसरं अपत्य म्हणजे राहणीखर्चाचा निर्देशांक. जुलै १९१४ ला १०० धरून तो दर महिन्याला प्रसिद्ध व्हायचा. हे हत्यार दोन्ही बाजूंनी चालतं हे लवकरच दिसलं. १९२० च्या ऑक्टोबरात निर्देशांक १९३ होता. म्हणजे सत्तर-ऐंशी टक्के वाढ घेऊनही कामगार १९१४ च्या मागेच राहिला होता. हे कामगारांच्या बाजूने बोललं जायचं. १९२५ मध्ये तो १५५ च्या घरात उतरला, तेव्हा मालक म्हणाले, आता महागाई तेवढी राहिली नाही, वाढ परत करा.

त्याआधी, १९२४ मध्ये, बोनसवरून एक झुंज होऊन गेली होती. युद्धाच्या भरभराटीत मिळू लागलेला बोनस मालकांनी १९२३ सालासाठी नाकारला. दीड लाखावर कामगार जवळजवळ दोन महिने बाहेर राहिले. सरन्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने निवाडा दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि पुन्हा संप झाला. या वेळी मालकांनी एक गोष्ट उघड सांगितली. सरकारने कापडावरची साडेतीन टक्क्यांची अबकारी जकात उठवली तर कपात मागे घेऊ. डिसेंबरात व्हाइसरॉयने जकात स्थगित केली, कपात मागे घेतली गेली, कामगार कामावर गेले. परळच्या विणकराचा पगार किती असावा, याचं उत्तर त्या वर्षी दिल्लीच्या एका वटहुकुमाने दिलं. मजुरी म्हणजे श्रमाच्या उत्पादकतेचा भाव, असं शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी १९२५ च्या मुंबईवर एक तास घ्यायला हरकत नसावी.

१९२८ चा संप याहून वेगळ्या जातीचा होता आणि इथे जरा थांबायला हवं. जपानी माल आणि देशातल्या इतर केंद्रांच्या गिरण्या यांच्या रेट्यामुळे मुंबईच्या गिरण्या जाड्याभरड्या कापडाकडून तलम आणि नक्षीच्या मालाकडे वळत होत्या. विणकराचा दर मात्र बऱ्याच ठिकाणी वजनावर होता. तलम कापड वजनाला कमी आणि मेहनतीला जास्त. दर न बदलता नुसता माल बदलला की विणकराचा पगार आपोआप घटायचा, आणि पगार कापला असं मालकाला म्हणावंही लागत नसे. त्यातच ‘कार्यक्षमते’ची योजना आली. दोनऐवजी तीन साचे सांभाळा, कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, म्हणजे कमी माणसांत काम होईल. कामगार म्हणत, सांभाळू, पण आधी कापूस बरा द्या. हलक्या कापसाचं सूत दर घटकेला तुटतं. तीन साच्यांवर ते जोडत कोण फिरणार?

एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर. बुडालेले कामाचे दिवस दोन कोटींवर. संयुक्त संप समितीत ना. म. जोशींसारखे नेमस्त होते आणि डांगे, मिरजकर, जोगळेकर हे साम्यवादीही. त्यांच्या सतरा मागण्यांत पगाराच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न मध्यभागी होता. एक काम, एक दर, सगळ्या गिरण्यांत. गंमत अशी की मालक संघालाही प्रमाणीकरण हवं होतं, कारण जास्त देणाऱ्या गिरण्यांचा दर खाली आणायला त्याचा उपयोग होता. दोघांनी एकच शब्द वापरला आणि दोघांच्या मनात दोन वेगळे आकडे होते.

त्या मागण्यांपर्यंत एक विषय मोठ्या कष्टाने पोचला. विणाई खात्यात पगार सर्वांत चांगला, आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगत ते असं : धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडाने ओढून काढावं लागतं, तेव्हा विटाळ होईल. त्यामुळे अस्पृश्य कामगार कताईच्या कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडायचा. हा नियम मालकाने लिहिलेला नव्हता. तो राखला होता सवर्ण विणकरांनी. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की विणाई खातं सर्वांना खुलं करण्याची मागणी घेतली नाही, तर दलित वर्गाला संपापासून दूर राहायला सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती यादीत घातली. मालकांचं उत्तर बिनतोड होतं : आम्ही कुठे अडवतो? पगार कसा ठरतो यावर आजवर जेवढं लिहिलं गेलं आहे, त्यात या धोट्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. एका जातीला खात्याबाहेर ठेवलं की आतल्यांचा दर वर राहतो आणि बाहेरच्या खात्यांत गर्दी होऊन तिथला खाली जातो. साधा पुरवठ्याचा नियम, फक्त पुरवठा अडवणारी भिंत बाजाराने बांधलेली नव्हती.

संप मिटला तो न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती नेमून. समितीसमोर महिनोन्महिने दरपत्रकांची चिरफाड झाली. मजुरीवरचं संशोधन म्हणून ही सुनावणी विद्यापीठातल्या कोणत्याही चर्चासत्राला भारी होती. विणकर नंबरी सुताच्या बारीकसारीक फरकांवर साक्ष देत होते आणि मॅनेजर त्यांना उत्तरं देत होते. १९२९ च्या मार्चमध्ये अहवाल आला. मालक संघाने तयार केलेली प्रमाणित दरांची यादी समितीने बहुतांशी मान्य केली. पण त्याच महिन्यात मिरत कटाच्या खटल्यासाठी गिरणी कामगार युनियनचे पुढारी पकडले गेले, महिनाभरात दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला, तो मोडला, आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली. इतक्या मेहनतीने तयार केलेली यादी कागदावरच राहिली.

मंदीत निर्देशांक १९१४ च्या पातळीवर येऊन ठेपला. मालक संघाने १९३३ च्या सुमारास कपातीचा निर्णय ज्या त्या गिरणीवर सोपवला आणि मग जो तो आपल्या मनाने कापू लागला. १९३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा संप झाला. लेबर ऑफिसने त्या वर्षी परत चौकशी केली. एकाच खात्यातल्या एकाच कामाला गिरणीगणिक वेगळा दर आणि गिरणीगणिक वेगळी कपात, असं चित्र पुन्हा पुढे आलं. तेरा वर्षांपूर्वीच्या तक्त्यांत दिसलेलं अंतर मिटलं तर नव्हतंच, मंदीने त्यात आणखी भर घातली होती. एवढी बेकारी असताना, एवढे कामगार एका गिरणीतून दुसरीकडे फिरत असताना, दर एकमेकांकडे सरकायला हवे होते. ते सरकले नाहीत.

यावर अभ्यासकांनी पुढे बरंच डोकं लढवलं. आर्थर लुइस यांनी १९५४ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला. शेतीत माणसं गरजेपेक्षा जास्त असली की कारखान्याला हवे तितके मजूर पोटापुरत्या मजुरीहून थोड्याशा जास्त दराने मिळत राहतात, असा त्याचा आशय. ही कल्पना त्यांना १९५२ मध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालताना सुचली. पहाटेच्या परळलाही सुचली असती. मुंबईत मजुरी कमी का राहिली याचं उत्तर त्यात आहे. पण वेगवेगळी का राहिली याचं नाही. अमेरिकन इतिहासकार मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांवर ग्रंथ लिहिला. कामगार मिळत नाहीत, ते मनाने खेडूत आहेत, म्हणून धंदा मागे पडतो, ही मालकांची जुनी रड त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढली. माणसं भरपूर होती; शिस्त ढिली होती ती मालकांना तशी परवडत होती म्हणून. ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये जगभरच्या सूतगिरण्यांचे आकडे मांडले. १९१० च्या सुमारास न्यू इंग्लंडचा एक कामगार जेवढं काम उपसायचा, त्याला हिंदुस्थानात जवळजवळ सहा माणसं लागत. स्वस्त मजूर मालकाला स्वस्त पडत नव्हता, आणि दोष क्लार्क कामगारांच्या मंद हातांना देतात. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली. मालकांनी जुनी यंत्रं, हलका कापूस आणि हवी तेव्हा वाढवता-घटवता येणारी माणसं यांवरच धंद्याचं गणित बसवलं होतं. मग एका माणसामागे उत्पादन वाढणार कसं? तुटक्या सुताबद्दल १९२८ चे विणकर जे म्हणत होते, तेच हे. मला चंदावरकरांचं म्हणणं जास्त पटतं, कारण क्लार्क यांचे तक्ते माणसं मोजतात, त्या माणसांच्या हाती दिलेलं सूत मोजत नाहीत.

पण दरांतल्या अंतराचं कोडं सोडवायला सगळ्यांत उपयोगी पडतात त्या जोन रॉबिन्सन. १९२६ ते १९२८ ही वर्षं त्यांनी शिंद्यांच्या ग्वाल्हेरला काढली. त्यांचे पती बाल महाराजांचे शिक्षक होते. केंब्रिजला परतल्यावर १९३३ मध्ये त्यांनी अपूर्ण स्पर्धेवरचा ग्रंथ लिहिला आणि श्रमाचा एकच ग्राहक असेल तर मजुरी कशी दबते याचा सिद्धांत मांडला. मुंबईत ग्राहक एक नव्हता, ऐंशी होते. पण सिद्धांताचा गाभा ग्राहकांच्या संख्येत नाही, सोडून जाण्याची किंमत किती यात आहे, हे अलीकडच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. ती किंमत परळच्या विणकराला पाठ होती. शेजारच्या गिरणीत महिन्याला दोन-तीन रुपये जास्त मिळतात हे त्याला ठाऊक असे; गाळ्यातला पलीकडच्या पथारीवरचा माणूस तिथेच कामाला असे. पण रस्ता ओलांडायचा तर इथे अडकलेला पगार सोडायचा, तिथल्या जॉबरला नव्याने दस्तुरी द्यायची, पुन्हा बदली म्हणून, म्हणजे कुणाच्या खाड्यावर काम मिळेल या आशेने, फाटकाशी उभं राहायचं, आणि वाण्याची उधारी ज्याच्या शब्दावर चालते त्या माणसाशी वैर घ्यायचं. दोन-तीन रुपयांत हे बसत नव्हतं. मालकाला हे माहीत होतं, म्हणून त्याला शेजाऱ्याच्या दराची काळजी नव्हती. प्लेगच्या महिन्यांत मजुरी रोजच्या रोज मिळाली, अडकवून ठेवायला काही उरलं नाही, आणि तेव्हाच माणसं दोन आण्यांसाठी रस्ता ओलांडू लागली.

यातला पगार अडकवण्याचा भाग कायद्याने सोडवला. १९३६ च्या पगारवाटप कायद्याने हजाराहून कमी माणसांच्या कारखान्याला महिना संपल्यावर सात दिवसांत आणि मोठ्या कारखान्याला दहा दिवसांत पगार देणं बंधनकारक झालं. दंडाला आणि कपातीलाही मर्यादा आल्या. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर त्याने कापड कामगार चौकशी समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. १९३८ च्या फेब्रुवारीतल्या अंतरिम अहवालाने पगारवाढ सुचवली आणि कमी पगाराला जास्त टक्के ठेवले. न्यायमूर्ती दिवेटिया यांच्या अध्यक्षतेखाली १९४० मध्ये अंतिम अहवाल आला, त्यात धाडसाचं काम होतं ते जीवनवेतनाच्या हिशोबाचं : मुंबईत चार माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला महिना ५० ते ५५ रुपये लागतात. शिरास यांनी कामगार काय खातो ते मोजलं होतं. या समितीने त्याला काय मिळायला हवं ते लिहिलं. मधल्या सतरा वर्षांत मजुरीच्या अभ्यासाने हे अंतर कापलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात महागाईभत्ता निर्देशांकाला बांधला गेला. निर्देशांक आता नवा होता, १९३३-३४ च्या पायावरचा. आणि १९४७ मध्ये, दिवेटियांच्याच औद्योगिक न्यायालयाने, मुंबईच्या सर्व गिरण्यांसाठी प्रमाणित दरांचा निवाडा दिला. २६ दिवसांच्या महिन्याला किमान मूळ पगार ३० रुपये, त्यावर महागाईभत्ता. आणि प्रत्येक खात्यातल्या प्रत्येक कामाला नाव आणि नावापुढे दर. फॉसेट समितीसमोर अठरा वर्षांपूर्वी जे मांडलं गेलं होतं ते आता कायद्याच्या बळाने लागू झालं. शेजारच्या गिरणीचा पगार विचारण्यात अर्थ उरला नाही. तो सारखाच होता.

या निवाड्याचं मोल कमी लेखू नये. नव्वद वर्षं ऐंशी मालकांच्या चढाओढीला जे जमलं नाही ते एका यादीने केलं, आणि मालकांनी वर्तवलेलं धंद्याचं मरण त्या यादीने ओढवलं नाही. पण यादीने ठरवला तो दिवसाचा दर. महिन्यात दिवस किती मिळतील, हे तिच्या हाती नव्हतं. जॉबरचा अधिकार कमी झाला, बदली कामगारांची नोंद १९३५ पासून कार्यालयात होऊ लागली होती, तरी बदली हा बदलीच राहिला. रोज सकाळी फाटकाशी यायचं. कुणाचा खाडा असेल तर यादीतल्या पूर्ण दराने काम, नसेल तर घरी. महिन्याला दहा-बारा दिवस भरणाऱ्याच्या हाती २६ दिवसांचा तो आकडा कधी पडलाच नाही. आणि मालकाच्या दृष्टीने, दर गोठल्यावर खर्च कमी-जास्त करण्याची जागा तेवढीच उरली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा मागण्यांच्या यादीत पगारवाढीच्या जोडीने बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती.